पिठोरीचं वाण

आईच्या हातात बारीक ब्रश असला की कारखान्यात कोणी मोठ्यानं शिंकायचंही नाही. रेडिओ बंद, स्प्रे मशीन बंद. दाजी पाटणकर खुद्द मालक, पण तेही त्या वेळी चपला दाराबाहेर काढून आत यायचे. पेणला गणपतीचे कारखाने पैशाला पासरी. मूर्ती घडवणारे, रंगवणारे हात हवे तेवढे मिळत. डोळ्यांची आखणी करणारे चांगले हात मात्र अख्ख्या गावात सात-आठच, आणि त्यांतला एक आईचा. बुबुळ, पापणी, भुवई. एकदा ब्रश टेकला की रेघ पुरी होईपर्यंत उचलायचा नाही, आणि चुकलं तर पुसायचं नाही, कारण पुसलेला डोळा गिऱ्हाइकाला दारातूनच कळतो.

त्या दिवशी मी तिचा डबा घेऊन गेलो होतो. १९८९ साल, श्रावण संपत आलेला, मी एकोणीस वर्षांचा. आई जमिनीवर बसली होती, समोर दीड फुटी मूर्ती, आणि मूर्तीमागे सुखदेव भोयर. तो मूर्तीखालचा पाट दोन्ही हातांनी धरून तिला हवा तसा जरा जरा फिरवत होता. आईच्या नाकावर चष्मा होता. मी तो आधी कधीच पाहिलेला नव्हता.

"हा कधी केलास?" मी विचारलं.

ब्रश टेकलेला होता, म्हणून ती बोलली नाही. पापणी पुरी झाली, तिनं ब्रश उचलला, चष्मा काढून पदराखाली सरकवला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हळू बोल. दाजींना ठाऊक नाही. चाळिशी लागलीय मला, जवळचं धूसर दिसतं."

"म्या आणला पनवेलहून," सुखदेव म्हणाला. "गेल्या महिन्यात एका गणपतीचा डोळा जरासा सरकला होता, तवा लक्षात आलं."

"मग त्या गणपतीचं काय केलंत?"

"माह्या हातून पडला तो. दाजींनी मले शिव्या घातल्या. झालं."

आई हसली. तिला असं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या आईला जवळचं दिसत नाही, हे तिच्या हातचं दोन वेळा खाणाऱ्या मला माहीत नव्हतं आणि वर्ध्याकडच्या कुठल्याशा खेड्यातून आलेल्या या माणसाला माहीत होतं. मी डबा ठेवला आणि निघालो.

खरं म्हणजे त्याला घरी आणला मीच. दोन वर्षांपूर्वी तो दाजींकडे रंगकामाला लागला, कारखान्यातच झोपायचा, खानावळीत जेवायचा. मला तो आवडायचा. मी त्याला दादा म्हणायचो. "आई, दादाला पिठलं-भाकरी खायचीय," असं सांगून मीच त्याला पहिल्यांदा आमच्या पाटावर बसवला. बाबा मी आठ वर्षांचा असताना काविळीनं गेले होते, घरात आम्ही दोघंच, आणि तिसरं पान वाढलेलं बघून मला बरं वाटलं होतं. सुखदेव माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आणि आईपेक्षा सोळा वर्षांनी लहान. हे गणित मी तेव्हा केलं नव्हतं. पुढे दिवसातून दहा वेळा करायला लागलो.

चष्म्यानंतर दोनच दिवसांनी आई विळीवर नारळ खोवत बसली होती. मला म्हणाली, "जयू, बस. बोलायचंय."

मी बसलो.

"भोयर आणि मी लग्न करणार आहोत. गणपती गेले की अलिबागला जाऊन नोंदणी करू." तिचा हात थांबला नव्हता. "तो सव्वीस वर्षांचा आहे, मला माहीत आहे. मी बेचाळीस, तेही माहीत आहे. माझं सगळं मोजून झालंय. त्याला मी चार वेळा नाही म्हटलं. पाचव्यांदा खोटं बोलायचा कंटाळा आला."

"लोक काय म्हणतील?"

"इथले म्हणतील. आम्ही वर्ध्याला जाऊ. तिकडे आखणीला हात नाहीत, तो स्वतःचा कारखाना टाकणार आहे. घर तुझंच राहील, काकू शेजारी आहे, तुझं कॉलेज इथंच. सुट्टीला तिकडे यायचं." मग तिनं नारळाची कवड खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "पण तुला नको असेल तर आत्ता सांग. तू नको म्हणालास तर मी त्याला उद्या परत पाठवीन आणि जन्मात कधी तुला बोलून दाखवणार नाही. फक्त तोंडावर सांग."

इतकं सरळ मला आयुष्यात पुन्हा कोणी काही विचारलं नाही.

"मला काय," मी म्हणालो. "कर की."

"मनापासून?"

"मनापासून."

तिनं डोळे पुसले तेव्हा खोबऱ्याचा कीस तिच्या गालाला लागला. "तुला काय करू खायला?" असं विचारलं. मी पुरणपोळी सांगितली. ती केली आणि मी पोटभर खाल्ली.

नको म्हणालो असतो तर मी वाईट ठरलो असतो. मला ते लग्न मोडायला हवं होतं, पण माझ्या हातून मोडलेलं नको होतं. असला भेकडपणा अंगात असतो ती माणसं बाहेरून फार गुणी दिसतात. आळीत मला सगळे गुणी म्हणायचे.

बातमी कशी फुटली देव जाणे. दोन दिवसांत कॉलेजच्या कट्ट्यावर एकानं मला विचारलं, "काय रे, नवीन बाबांना बोलिंग येते का? रविवारी आपल्याला एक बोलर कमी पडतोय." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून मी सुखदेवला दादा म्हणणं सोडलं, आणि त्याच्या ते लक्षात आलं. जेवायला येणं त्यानं कमी केलं.

काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिची आणि आमची भिंत एक, परस एक, त्या परसात तिची गाय. तिला उघड बोलायचं धाडस नव्हतं, कारण आईच्या तोंडाला तीही वचकून होती. पण अमावास्येच्या आदल्या दिवशी ती विहिरीवर आईला म्हणाली, "काय गो इंदू, उद्या पिठोरीला बसणार ना? की औंदा नाय?"

"का नाही बसणार?"

"नाय, म्हटलं आता तुझं सगळं नवीन."

"माझं पोर जुनंच आहे," आई म्हणाली आणि कळशी उचलून निघून गेली.

विधवेनं पिठोरीला बसावं की नाही यावर आमच्या आळीत पूर्वी बरीच चर्चा झाली होती. आईनं ती एका वाक्यात संपवली होती: व्रत पोरासाठी आहे, नवऱ्यासाठी नाही. तेव्हापासून दर श्रावणी अमावास्येला काकूच्या माजघरात पूजा व्हायची. भिंतीला चौसष्ट योगिनींचा कागद, समोर समई, आळीतल्या पाच-सहा बाया. पूजा झाली की एकेक बाई भिंतीकडे तोंड करून पाटावर बसे, खीर-पुरीचं ताट दोन्ही हातांनी डोक्यावर धरी आणि मागे न बघता विचारी, "अतीत कोण?" अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. मागे उभं असलेलं तिचं पोर आपलं नाव सांगे, "मी, अमका." असं तीनदा. मग ती "घे बाळा" म्हणे आणि ताट मागे देई. ताट घेणाऱ्यानं एक घास खायचा आणि पाया पडायचं. वाण चाललेलं असताना दुसऱ्या कोणी बोलायचं नाही.

मी दहा वर्षांचा असताना वरच्या आळीतल्या वत्सलाबाईंचा मुलगा खाडीत बुडाला. त्या वर्षीही वत्सलाबाई पिठोरीला बसल्या. ताट डोक्यावर धरून त्यांनी तीनदा विचारलं. मागे कोणी नव्हतं. त्यांनी ताट स्वतःच उतरवलं, परसात गेल्या आणि गाईला घातलं. पोर नाही त्याचं वाण गाईला, अशी रीत. घरी आल्यावर आईनं माझे दोन्ही दंड घट्ट धरले होते. "कुठेही असलास तरी पिठोरीला घरी यायचं," ती म्हणाली होती. "मी विचारलं आणि तू बोलला नाहीस तर मी काय समजू?"

विहिरीवरचं काकूचं बोलणं ऐकलं आणि मला सुचलं. फार विचार करावा लागला नाही, हे कबूल करतो. असल्या गोष्टी मला पटकन सुचतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यात गेलो. आई घरी पूजेच्या तयारीला गेली होती. सुखदेव मागच्या बाजूला डब्यात रॉकेल घेऊन ब्रश धूत बसला होता.

"दादा," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. आठवड्याभरानं ऐकलेला शब्द होता तो.

"आज आमच्याकडं पोया," तो म्हणाला. "सकाळीच बैल धुतले असन बाबानं. इकडं काहीच नाही ना त्याचं."

"इकडे पिठोरी. त्यासाठीच आलोय. संध्याकाळी काकूकडे ये, दिवे लागायच्या वेळी. मागच्या दारानं. आईला सांगू नकोस."

"कायले?"

मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि सांगितलं, की आई ताट धरून विचारते, पाहुणा कोण आलाय. घरात नवीन माणूस यायचा असला की त्यानं मागून आपलं नाव सांगायचं. मग ती आपल्या हातानं त्याला ताट देते. झालं, तो घरचा.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. नंतर कोणाला बोलायला तोंड राहत नाही."

त्यानं ब्रश डब्याच्या काठावर निथळायला ठेवला. "तुले चालते, जयू? मनापासून?"

दोघांनीही तोच शब्द वापरला. आपापसात बोलताना माझ्याबद्दल तो वापरत असणार.

"म्हणून तर बोलावतोय," मी म्हणालो.

"मले वाटलं तुले आवडत नसन. मी तिले म्हटलं बी, की पोराले नको असन तर राहू दे." त्याचे डोळे भरून आले. रॉकेलचा हात नको म्हणून त्यानं ते दंडाला पुसले. "काय म्हणायचं मग?"

"मी, सुखदेव. एवढंच. पण पहिल्यांदा विचारलं की बोलायचं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा विचारलं की बोलायचं."

"असं काऊन?"

"रीत आहे."

ही रीत मी तिथल्या तिथे बनवली. तिची गरज नव्हती. एकदाच विचारल्यावर तो बोलला असता तरी माझं काम झालंच असतं. पण मला आईला दोनदा विचारताना ऐकायचं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी तो आला तो नवा पांढरा शर्ट घालून. घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. मागच्या दारात थांबून ओठांतल्या ओठांत "मी, सुखदेव" म्हणत होता. आत काकूचं वाण चाललं होतं. तिचा अनिल तिन्ही वेळा ओरडून नाव सांगत होता आणि बाया हसत होत्या. मग आई पाटावर बसली. तिनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. तिनं ताट डोक्यावर घेतलं, तोंड भिंतीकडे. मी सुखदेवला हाताला धरून आत आणला, माझ्या जागेवर उभा केला आणि स्वतः पाच पावलं मागे, दारात जाऊन थांबलो. बायांनी ते पाहिलं. काकूच्या भुवया वर गेल्या. पण वाण चालू होतं, बोलायचं नव्हतं.

"अतीत कोण?" आईनं विचारलं. आवाजात हसू होतं. अनिलच्या ओरडण्याचंच होतं ते अजून.

कोणी बोललं नाही.

ती थोडी थांबली. मी कुठेतरी रेंगाळलोय असं तिला वाटलं असावं.

"अतीत कोण?" ती पुन्हा म्हणाली, आणि मग, जे म्हणायचं नसतं ते म्हणाली. "जयू?"

ताट हललं. खिरीचा एक ओघळ काठावरून तिच्या केसांत उतरला. मी पाच पावलांवर होतो. तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं. सुखदेवनं वळून माझ्याकडे पाहिलं, आता बोलू का, अशा नजरेनं. मी मान हलवली. नाही.

तिसऱ्यांदा तिला शब्द नीट म्हणताच आले नाहीत. नुसता श्वास ऐकू आला, त्यात कुठेतरी 'कोण' होतं.

"मी," तो म्हणाला. "सुखदेव."

ताट तिच्या डोक्यावर तसंच राहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, समईतली वात एकदा तडतडली एवढं आठवतं. बाया खाली बघत होत्या. मला वाटलं ती ताट टाकून देईल, उठेल, मागे वळेल. तिनं ताट दोन्ही हातांत पुन्हा सारखं केलं.

"घे बाळा," ती म्हणाली. आखणीला ब्रश टेकवताना तिचा हात असे तसा आवाज, अजिबात न हलणारा.

सुखदेवनं ताट घेतलं. तो हसत होता. हसत हसत त्यानं एकेका बाईकडे पाहिलं, कोणीतरी परत हसेल म्हणून. कोणी हसलं नाही. मग काकू बोलली.

"एक घास खा आता. वाण तसंच ठेवीत नाय. आणि पाया पड आईच्या."

"कोणाच्या?"

"तिच्या. पिठोरीचं वाण ल्योक घेतो बाबा, दुसरं कोण घेणार? आई झाली ती तुझी."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. आधी त्यानं ताटाकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर हसू होतं. ते मी मुद्दाम आणलेलं नव्हतं, पण होतं. त्यानं पुरी मोडली, तोंडात घातली आणि उभ्या उभ्या चावत राहिला. मग तो वाकला आणि आईच्या मागे जमिनीवर डोकं टेकलं. आई वळली नाही. नुसता हात मागे करून चाचपत तो तिनं त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "शंभर वर्षांचा हो."

मी बाहेर परसात येऊन उभा राहिलो. माझ्या अपेक्षेप्रमाणे आता आत रडारड व्हायला हवी होती. तसं काही झालं नाही. आई धावत बाहेर आली, केसांत खीर तशीच, आणि तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"कुठे होतास?"

"पोटात कळ आली," मी म्हणालो. "त्याला म्हटलं जरा उभा राहा, मी आलोच. तो बोलेल हे मला काय माहीत."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही ना? खरं सांग, काय झालं तुला?" आणि मग तिथेच, गाईच्या गोठ्याशी, मला धरून रडली. घरी गेल्यावर मला ओवा चावायला दिला, वर कोमट पाणी. मी ओवा चावला.

चौथीला अजून चार दिवस होते आणि कारखान्यात नऊ मूर्ती बिनडोळ्यांच्या. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तेव्हा ती दोघं मागच्या बाजूला बोलत होती. मी पोत्यांच्या आड थांबलो.

"मले कोणी सांगितलं नाही असं असते म्हणून," तो म्हणत होता. त्यानं माझं नाव घेतलं नाही. शेवटपर्यंत घेतलं नाही. "एक ताट हातात घेतलं, त्यानं काय होते? तुम्ही काही मनानं म्हटलं नाही ते."

"मनानंच म्हटलं."

"इंदू."

"ऐकून घे. पहिल्यांदा कोणी बोललं नाही. दुसऱ्यांदा बोललं नाही तेव्हा मी माझं पोर मेलेलं पाहिलं. डोळ्यांसमोर. तिसऱ्यांदा तुझा आवाज आला. मी ओळखला. ताट उतरवलं असतं तर ते गाईला गेलं असतं, जयूच्या नावानं. तुला दिलं असतं तर तू गेला असतास. मी तुला दिलं."

"म्हणजे तुम्हाले ठाऊक होतं, मी जातो म्हणून?"

"हो."

मग आई म्हणाली, "चल, मूर्ती धर," आणि दोघं आत गेली. त्या नऊच्या नऊ मूर्ती त्यांनी पुऱ्या केल्या. तो पाट फिरवत होता, ती डोळे काढत होती.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तो एस. टी. स्टँडवर मला शोधत आला. हातात एक पिशवी होती.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "तुले ठाऊक होतं ना, ते ताट कोण घेते?"

"हो."

"बरं." त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढून मला दिली. "चष्म्याची काडी सैल झाली होती तिच्या. पनवेलले दुकानात टाकला आहे. शनिवारी भेटन, घेऊन ये."

मग गाडी लागली आणि तो चढला. त्याच्याबद्दल पुढे मला काही कळलं नाही.

शनिवारी मी चष्मा आणला. आईनं तो हातात घेतला, काडी उघडमीट करून पाहिली आणि घातला. त्यानंतर तिनं तो लपवला नाही. दाजींसमोर, गिऱ्हाइकांसमोर, विहिरीवर, सगळीकडे तो नाकावर असायचा. त्या दिवाळीत पहिल्यांदा एक पोर तिला आजी म्हणालं. ती बेचाळीस वर्षांची होती. ते पोर चुकलं असं तिला वाटलंच नाही.

माझं चांगलं चाललं होतं. आई माझ्या पोटाला जपायची. तिखट कमी घालायची. सुखदेवचा विषय घरात निघत नव्हता आणि कट्ट्यावर कोणी क्रिकेटचं विचारत नव्हतं. सहा महिने असे गेले. मग माघात एकदा काकू आमच्या पडवीत आईशेजारी बसून तांदूळ निवडत होती. मी आत अभ्यास करत होतो. काकू बोलता बोलता म्हणाली, "काय पण अवदसा आठवली त्या वऱ्हाड्याला. आणि जयू तरी कसा, दारात उभा राहून हसत होता."

"कुठल्या दारात?"

"माझ्या माजघराच्या. तूच नाय का त्याला सांगितलंस उभा कर म्हणून? त्यानंच तर हाताला धरून आणला. आम्हाला वाटलं तुमचं सगळं ठरवून चाललंय. तो बिचारा तुझ्या पोराकडे बघतोय, बोलू का म्हणून, आणि हा मान हलवतोय."

मी पुस्तक मिटून बसलो. बाहेर सुपाचा आवाज आला. आईनं निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतले होते आणि ती ते पहिल्यापासून निवडत होती.

त्या संध्याकाळी मी वाट पाहिली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझे कपडे धुतलेले होते, भाकरी गरम होती, परीक्षेच्या दिवशी हातावर दही होतं. मी हळूहळू निर्धास्त झालो. मला वाटलं, आईच ती, विसरली.

पुढच्या श्रावणी अमावास्येला ती पुन्हा काकूच्या माजघरात पाटावर बसली. तीच जांभळी साडी. त्या वर्षी मी वेळेच्या आधीच जाऊन मागे उभा राहिलो होतो. तिनं ताट डोक्यावर धरलं.

"अतीत कोण?"

"मी, जयू."

"अतीत कोण?"

"मी. जयवंत."

"अतीत कोण?"

"मी आहे, आई. इथेच आहे. मागेच उभा आहे."

मी हात पुढे केले. ती 'घे बाळा' म्हणाली नाही. तिनं ताट उतरवून मांडीवर घेतलं, चष्मा सारखा केला, आणि उठली. माझ्या अंगावरून गेली, इतक्या जवळून की पदर माझ्या हाताला लागला. बायांनी वाट दिली. काकू काहीतरी बोलायला लागली होती ती थांबली. मागच्या दारानं आई परसात उतरली आणि गाईपुढे ताट धरलं. गाईनं आधी पुऱ्या खाल्ल्या, मग खीर चाटून पुसून. आई तिच्या मानेवरून हात फिरवत उभी होती. ताट स्वच्छ झाल्यावर तिनं ते दगडावर ठेवून पाण्यानं विसळलं आणि आत आली.

मी तिथेच, हात तसेच पुढे धरून उभा होतो.

"हात धू," ती म्हणाली. "जेवायला वाढते."

त्यानंतर ती सोळा वर्षं जगली. ठाण्याला नोकरी लागल्यावरही मी दर पिठोरीला घरी गेलो, आणि दर वेळी तिन्ही वेळा उत्तर दिलं.